मदत हवी आहे : पक्षाघातानंतर फिटची गोळी मेंदूच्या रक्षणासाठी देतात का?

नमस्कार. माझ्या ६८ वर्षांच्या आईला तीन आठवड्यांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला. तिला एकदाही फिट आलेली नाही, तरीही डिस्चार्ज कार्डावर लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी ५०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ लिहिलेली आहे. विचारल्यावर ‘मेंदूच्या संरक्षणासाठी’ एवढेच उत्तर मिळाले.

माझ्या वाचनाप्रमाणे, रक्तपुरवठा तुटला की मेंदूच्या पेशींमधून ग्लुटामेट हे पेशींना उत्तेजित करणारे रसायन बेसुमार बाहेर पडते, शेजारच्या पेशींत कॅल्शियम शिरते आणि त्याही मरतात. फिटची काही औषधे ही साखळी तोडतील अशी आशा संशोधकांना होती. प्राण्यांवरील प्रयोग उत्साहवर्धक ठरले, परंतु माणसांवर फॉसफेनिटॉइन आणि डायझेपामच्या चाचण्यांत ठोस फायदा सिद्ध झाला नाही. शिवाय हे नुकसान मुख्यतः सुरुवातीच्या काही तासांत व दिवसांत होते. मग आता ही गोळी कशाचे रक्षण करते आहे?

आई दिवसभर पेंगते. वरणभाताचा चमचा तोंडाशी नेता नेता तिचा हात मध्येच थांबतो. हे औषधामुळे की आजारामुळे, हे कसे ओळखावे? गोळी एकदम थांबवणे धोक्याचे असल्याने मी ती परस्पर बंद करणार नाही. मात्र पुढच्या भेटीत मेंदूविकारतज्ज्ञांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.