भरवसा की विश्वास? प्रार्थनापत्रकातली एक ओळ अडली आहे

बांद्रेकरीण
आमच्या चर्चच्या मराठी प्रार्थनागटासाठी दैवी करुणेच्या भक्तीचं पत्रक तयार करतेय. येशूच्या छातीतून लाल आणि फिकट असे दोन किरण निघतात, ते चित्र तुम्ही पाहिलं असेल. त्याखालची एकच ओळ अडली आहे. इंग्रजीत तिथे 'ट्रस्ट' आहे, 'फेथ' नाही. म्हणून मी लिहिलं, 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे.' गटातल्या एका काकांनी 'भरवसा' खोडून 'विश्वास' केलं. म्हणाले, भरवसा दूधवाल्यावर ठेवतात, देवावर विश्वास. मला हे पटत नाही. माझी आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा दिवसभर 'तुझाच भरवसा रे बाबा' म्हणायची, आणि ती काही दूधवाल्याशी बोलत नव्हती. शुक्रवारी पत्रक छापायला जाणार आहे. काय ठेवू?

मूळशोधक
इंग्रजीवर थांबू नका, मूळ ओळ पोलिश आहे. पोलंडच्या जोगीण सिस्टर फाउस्तिना यांना १९३१ साली तिथल्या प्वोत्स्कच्या मठात ते दर्शन झालं. चित्राखाली कोणते शब्द हवेत हे त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलंय: 'येझू, उफाम तोबिए'. पोलिशमध्ये विश्वास धरायला 'व्येझिच' असं वेगळं क्रियापद आहे. इथे ते नाही, 'उफाच' आहे, म्हणजे स्वतःला दुसऱ्यावर सोडून देणं. तुमचा भरवसा बरोबर आहे.

गिरगावकर
अर्थ बरोबर असेल, पण शब्द पाहा ना. भरवसा म्हणजे हिंदीतल्या भरोशाचा भाऊ. प्रार्थनेला प्रौढ शब्द हवा. 'श्रद्धा' का नको? श्रत् अधिक धा, मन एखाद्या ठिकाणी ठेवणं. लॅटिन मिस्सामधलं, म्हणजे चर्चच्या उपासनेतलं, 'क्रेदो' (मी श्रद्धा ठेवतो) याच मुळापासून आलंय. इतका जवळचा नातेवाईक घरात असताना बाहेर कशाला शोधायचं?

शब्दवेडा
गिरगावकर, भाऊ असला म्हणून परका कसा होईल? मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात 'भरंवसा' आहे, डोक्यावर अनुस्वारासकट. भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हणही हिंदीतून आणली नाही आपण.
माझी अडचण निराळी आहे. भरवसा रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा 'नाही'बरोबर येतो. पावसाचा भरवसा नाही, त्या माणसाचा भरवसा नाही. होकारात आला की तो जरा अनोळखी वाटतो. काकांचा कान तिथे अडखळला असेल. विश्वास तसा अडखळत नाही, जरी आपण 'विश्वास पानिपतात गेला' म्हणत असलो तरी.

वसईवाला
अहो, बायबल उघडा की! इब्री लोकांस पत्र, ११व्या अध्यायाची पहिलीच ओळ. तिथे विश्वास म्हणजे काय हे सांगताना 'भरवसा' आणि 'खातरी' असे दोन्ही शब्द वापरलेत. म्हणजे भरवसा हा विश्वासाच्या पोटातला आहे, त्याच्या खालच्या पायरीवरचा नाही. काकांना एवढं दाखवा.
आणि नीतिसूत्रे ३:५ मध्ये 'परमेश्वरावर भाव ठेव' आहे. हा सगळ्यात मराठी शब्द. 'मनी नाही भाव, देवा मला पाव' हे ज्या भाषेत म्हणतात, तिथे भाव कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बायकांना कळावं म्हणून. गिरगावकरांचा प्रौढपणा त्यांना चालला नसता.

गिरगावकर
रमाबाईंना संस्कृत येत नव्हतं म्हणून त्यांनी सोपं लिहिलं का? 'पंडिता' ही पदवी त्यांना संस्कृतासाठीच मिळाली होती. ज्याला दोन्ही येतं त्याने सोपं निवडणं वेगळं आणि आपण आळसाने सोपं निवडणं वेगळं.

धोबीतलाव
'भाव' वाचून राहवलं नाही. आमच्या घरी कोंकणी. प्रार्थनेतल्या श्रद्धेला आम्ही 'भावार्थ' म्हणतो. मराठी शाळेत पहिल्यांदा 'कवितेचा भावार्थ लिहा' आलं, तेव्हा मी देवावर चार ओळी लिहिल्या होत्या. बाईंनी मला जवळ बोलावून कारण विचारलं, मग वर्गाला सांगितलं की ज्ञानेश्वरीचं मूळ नाव भावार्थदीपिका आहे. ते नाव मी अजून विसरलो नाही.

उत्तनची लेक
श्रद्धेबद्दल बोलायचंय. शब्द सुंदर आहे, पण मराठीत त्याच्या मागे 'अंधश्रद्धा' उभी असते. हिंदीवाले अंधविश्वास म्हणतात, त्यामुळे तो डाग त्यांच्याकडे विश्वासावर पडला. आपल्याकडे श्रद्धेवर. पत्रक कॉलेजातली मुलंही वाचतील, हे लक्षात ठेवा, बांद्रेकरीणताई.
पण यातला एकही शब्द मी आईच्या तोंडून ऐकलेला नाही. वडील तांडेल. होडी रात्री सुटली की आई मेणबत्ती लावून माळ हातात घ्यायची आणि माळ संपल्यावर म्हणायची, 'तुझ्या हवाली केलाय, बघून घे.' बस. विश्वास आहे, श्रद्धा आहे असलं स्वतःबद्दल काही नाही. एकदा वादळात होडी दोन दिवस आली नाही. तेव्हाही तेच वाक्य, फक्त शेवटी 'बघून घे'च्या जागी 'बघतोयस ना?'. मला वाटतं 'उफाम' म्हणजे हेच. लूकच्या शुभवर्तमानात येशू क्रुसावर शेवटी हेच करतो, आत्मा बापाच्या हाती सोपवतो. विश्वास आहे असं सांगत बसत नाही.

शब्दवेडा
'हवाला'! देवावर हवाला ठेवून निघालो, असं आपण म्हणतोच की. अरबीतून आला, पण मराठीत पुरता मुरला.

गिरगावकर
आणि मुंबईत हवाला म्हटलं की लोकांना काय आठवतं? पैशांचा चोरटा व्यवहार. तो शब्द वेदीजवळ नेणार?

धोबीतलाव
त्या व्यवहाराला तरी हवाला का म्हणतात? पैसा दुसऱ्याच्या हाती दिला आणि तो पोचेल असं मानलं. अर्थ तोच आहे.

वसईवाला
बापाच्या हाती सोपवणं हा मुद्दा मोठा आहे. स्तोत्र ३१ मध्येही तेच वाक्य आहे, येशू तिथूनच बोलतोय. मग ओळ 'माझा तुझ्यावर' अशी सुरू व्हायलाच नको. कर्ता बदलतो.

बांद्रेकरीण
सगळं वाचतेय. पण चित्राखाली पाचच शब्द मावतात, आणि काकांना शुक्रवारच्या आत विचारायचंय. भरवसा की विश्वास, एवढं तरी सांगा.

मूळशोधक
उत्तनची लेक, आई 'हवाली' म्हणायची की 'हवाल्यात'? कोळी बोलीत वेगळं रूप असेल तर ते टिपून ठेवायला हवं.

उत्तनची लेक
'हवाली' असंच आठवतंय, पण खात्री नाही. आई आहे अजून, भाऊ हल्ली होडी नेतो. आज रात्री बाजूला बसून ऐकते.