वेळ की पैसा? काटकसरीच्या प्रवासाचे किस्से सांगा

माजघर
भाची ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तारकर्लीला निघाली आहे. परवा तिने फोनवर खर्चाचा तक्ता दाखवला. एका रात्रीच्या खोलीचा आकडा वाचला आणि मला एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास आठवला. हल्ली तो चार किंवा सात दिवसांचा मिळतो. एकदाच पैसे भरायचे, मग मुदत संपेपर्यंत हवं तिथे चढा, हवं तिथे उतरा.

कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात मी, धाकटा भाऊ आणि आत्येबहीण असा पास काढून पुण्याहून निघालो. भावाचं गणित सरळ होतं: रात्र गाडीत काढायची, लॉजचे पैसे वाचवायचे, दिवस फिरायला मोकळा. त्यामुळे तिथे बघायला काय आहे याला फारसं महत्त्व नव्हतं. तिथे पोचायला पुरेशी रात्र लागते का, यावर गाव ठरायचं. रात्री अडीचला पोचवणारी गाडी बाद, सकाळी सहाला पोचवणारी पास. माहूर, सेवाग्राम, रामटेक असे आम्ही वेडेवाकडे हिंडलो. तोंड धुवायचं स्टँडवरच्या नळावर, आंघोळ एखादं भक्तनिवास भेटेल तेव्हा. आईच्या दशम्या आणि लसणाची चटणी संपेपर्यंत जेवणाचा प्रश्न नव्हता, नंतर केळी. वर्ध्याच्या स्टँडवर आत्येबहिणीने जाहीर केलं, "आता मला आडवं व्हायला मिळालं नाही तर मी इथूनच घरी." सेवाग्रामच्या आश्रमात झाडाखाली ती अशी काही झोपली, की तिला जाग येईपर्यंत बापूकुटीतली प्रत्येक वस्तू आम्हाला पाठ झाली.

आज मी हे करीन का? नाही. कंबर नाही म्हणते. पण तुम्ही काय केलंत ते ऐकायचंय. ट्रेक, वारी, परदेश, रोजची लोकल, काहीही चालेल. फक्त "आमच्या काळी" एवढंच लिहून पळू नका.

डबलबेल
आमच्या काळी.
(पळतो.)

कल्याणची ताई
प्रवास कसला, आमच्या नशिबी सीएसएमटी ते बदलापूर. पण वेळेचा हिशेब आमच्याकडून शिका. संध्याकाळच्या लेडीज डब्यात कल्याण यायच्या आत पाव किलो गवार निवडून होते. मांडीवर पेपर, त्यावर शेंगा, दोन्ही टोकं मोडून शीर ओढायची, शेंगा डब्यात आणि कचरा पेपरासकट पिशवीत. शेजारणीची मेथी, समोरचीचे मटार. मटारला सगळ्या जणी हात लावतात कारण अर्धे तोंडात जातात. घरी गेल्यावर फक्त फोडणी. त्याच डब्यात आमची भिशी चालते, आणि त्या भिशीच्या पैशात मी कुणाला न विचारता आईला काशी करून आणली. ते सांगायचंय पण डोंबिवली गेली, गर्दी झाली, आता हात पण हलत नाही

सह्यखोर
शेवटची कसारा लोकल. एवढं लिहिलं तरी इथल्या निम्म्या लोकांना कळेल. मध्यरात्र उलटल्यावर सीएसएमटीहून सुटते, डब्यात सॅकवर डोकी ठेवून आडवी पडलेली पोरं, आणि उजाडायच्या कितीतरी आधी कसाऱ्याला जीपवाल्याशी घासाघीस. माणसं भरपूर असली तर परवडतं, चारच असलो की जीपवाला नुसता हसतो. तिथून बारी गाव आणि उन्हं चढायच्या आत कळसूबाईच्या शिड्या. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच टोक, आणि खर्च काय तर लोकलचं तिकीट, जीपचा वाटा आणि खाली आल्यावर कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी. त्या पिठल्याच्या पैशात मात्र घासाघीस करू नका. मोठे ग्रुप येऊन "इतक्या जणांचं किती कमी करणार?" विचारतात तेव्हा मला शरमल्यासारखं होतं.

मुक्कामी गाडीचं तर वेगळंच. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री गावात थांबते, पहाटे तीच गाडी दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं घेऊन परत. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला एका कंडक्टरकाकांनी आम्हालाही मधल्या बोळात पथाऱ्या पसरू दिल्या. वर छप्पर, आत ऊब, आणि पहाटे "उठा रे, गाडी निघतीय" अशी हाक.

काटकसर कुठे करू नये तेही सांगतो. टॉर्च, पाणी, दोर. आणि बूट. पण बूट म्हणजे महागडे परदेशी नव्हेत, आपले ॲक्शनचे ट्रेकिंग शूज. सह्याद्रीच्या कातळावर त्यांच्यासारखी पकड त्या किमतीत दुसऱ्या कुणाची नाही, वाद घालायचा तर घाला.

निवडुंग
ॲक्शन शूज +१. दिसायला शाळेचे बूट, चालायला घोरपड.

पन्नाशीपार
वाचून मजा आली, पण एक बोलू? (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.) रजा फुकट मिळते असं धरून सगळे हिशेब मांडताय. वर्षाला मोजक्या रजा, त्यातली एक 'स्वस्त' गाडीने खाल्ली तर त्या दिवसाचा पगार खर्चात धरा की. मी रातराणीला कायमचा नमस्कार केलाय. लॉजचे पैसे वाचवायचे आणि दुसरा अख्खा दिवस पेंगत काढायचा, मग जे बघायला गेलो ते झापडीतच बघायचं. माजघरताईंच्या आत्येबहिणीने तेच केलं, फरक इतकाच की तिने कबूल केलं. पैसे टाकून वेळ विकत मिळत असेल तर त्यात लाज कसली?

सह्यखोर
काका, तुमची रजा महाग, आमचा वेळ स्वस्त. कॉलेजात सोमवार ते शुक्रवारसुद्धा रविवारच होते.

माजघर
पन्नाशीपार, आत्येबहिणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "शेवटी मला समजून घेणारं कुणीतरी भेटलं."

उजळाईवाडी फाटा
आमच्याकडं लई गंमत झालीय. १७ मार्च २०२३ ला एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि त्या दिवसापासनं आई आणि चुलत्या घरात सापडत न्हाईत. आधी "कशाला खर्च" म्हणून लग्नाला घरटी एकच बाई जायची. आता गारगोटीला बारसं असू दे, राधानगरीला नुसती विचारपूस असू दे, चौघी मिळून. वडलांना पंच्याहत्तर पूर्ण, त्यांचं तर फुकटच. त्यांनी आधार कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलंय, शाळेच्या पोरावानी. आई म्हणती, माझं निम्मं लागतंय, तुमचं काहीच लागत न्हाई, मग बाजाराला तुम्हीच जावा.
बेळगावला मावशीकडं जाताना मात्र सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. हद्द लागली की आईचा चेहरा पडतोय.

डबलबेल
आईंना सांगा, कोगनोळीला उतरून चालत जा.

उजळाईवाडी फाटा
सांगू नका, खरंच उतरंल.

म्युनिकमुक्कामी
जर्मनीतून हजेरी. २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये इथे ९ युरोंत महिनाभर देशात कुठेही फिरा असं तिकीट निघालं होतं. फक्त लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना, वेगवान आयसीईला नाही. आमचं मराठी डोकं लगेच चाललं. म्युनिक-बर्लिन आयसीईने चार तास. आम्ही सकाळी निघालो, गाड्या बदलत बदलत रात्री पोचलो. जिथे तिथे पाच-सात मिनिटांत फलाट बदलायचा, एका हातात मुलगा, दुसऱ्या हातात पराठ्यांचा डबा, आणि पुढची गाडी अख्ख्या जर्मनीने आपापल्या सायकली घालून भरलेली. नवरा बर्लिनला उतरल्यावर एकच वाक्य बोलला, "परत जाताना आयसीई." म्हणजे वाचवलेले सगळे तिथेच गेले, वर थोडे जास्त.

मे २०२३ पासून त्याच धर्तीवर कायमचं तिकीट आलं, तेव्हा ४९ युरो, २०२५ मध्ये ५८ झालं, २०२६ पासून ६३. घरून आईवडील येणार असतील तर काढाच, त्यावर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं. पण लक्षात ठेवा, ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. पाहुणे परत गेले आणि तिकीट चालूच, असं आमच्या ओळखीत सर्रास होतं.

कुडाळी
माका ह्या वाचून दिवा-सावंतवाडी आठावली. कोकण रेल्वे अजून बहुतेक एकेरी मार्ग आहे हे ज्याला कळत नसेल त्याला या गाडीत बसवावं. प्रत्येक क्रॉसिंगला आपण बाजूला. जनशताब्दी पुढे गेली, राजधानी पुढे गेली, एक मालगाडीसुद्धा रुबाबात पुढे गेली. पण डबा म्हणजे चालतंबोलतं गाव. चिपळूणला चढलेल्या आजींनी रत्नागिरीपर्यंत माझं लग्न जमवलं होतं, कणकवलीला मोडलं पण.
गणपतीचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलंय. तरी मिनिटात संपतं ते संपतंच. तेव्हा दिवा-सावंतवाडीला पर्याय नाही, पाठ शेकायची तयारी ठेवा.

पोकळेवाडी
मुलीचं मोडलं का?? कारण काय

कुडाळी
मुलगी नव्हे हो, मी मुलगा. आजींना नोकरी मुंबईतच हवी होती, मी कुडाळातच राहणार म्हटलं.

पणजेकर
गोव्यात येणाऱ्यांनी स्कूटर, गाडी, बोटीवरची पार्टी यांच्यावर पैसे उधळायच्या आधी फेरीबोट घ्या. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला जा. पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडे शेतं, जुनी घरं, चढावर पिएदादचं चर्च, आणि शांतता. अख्खी सकाळ काढा, खर्च फक्त एका पाव-भाजीचा. पाहुण्यांना मी आधी तिथेच नेतो. (पाहुणे निराश होतात, त्यांना बागा बीच हवा असतो.)

रेवामाई
वर पन्नाशीपार यांनी रजेचा मुद्दा काढला म्हणून लिहिते. मी बिनपगारी रजा काढून पायी नर्मदा परिक्रमा केली. परंपरेने ती तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. आता बहुतेक जण काही महिन्यांत पुरी करतात. ओंकारेश्वरहून निघायचं, नदी सतत उजव्या हाताला, आणि कुठेही ओलांडायची नाही. खर्च? जवळजवळ नाही. वाटेतल्या गावांत सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, मीठ, कधी तयार टिक्कड. ज्यांच्या घरात आपल्यापेक्षा कमी आहे ती माणसं हाक मारून बसवतात, आणि नाही म्हणता येत नाही.

सगळ्यात जास्त आठवतो तो समुद्राच्या तोंडाशी गेलेला वेळ. नदी ओलांडायची नसते म्हणून तिथे दक्षिण तटावरून समुद्रातून वळसा घालून उत्तर तटावरच्या मिठीतलाईला बोटीने जावं लागतं, आणि बोट भरतीच्या वेळेनेच सुटते. आमच्यातले एक निवृत्त बँक अधिकारी घड्याळ बघून बघून वैतागले, नावाड्याला म्हणाले, "दुप्पट देतो, आता सोड." नावाड्याने चिखलात रुतून बसलेल्या बोटीकडे बोट दाखवलं आणि परत जाळं विणायला लागला. साहेब मग गप्प बसून आमच्याबरोबर भाजलेले शेंगदाणे खायला लागले.
परतल्यावर वर्षभर हात आखडताच होता, तेही खरं. बिनपगारीचं कौतुक करताना लोक एवढं विसरतात.

पन्नाशीपार
रेवाताई, नर्मदे हर. इथे मी हरलो. तो बँकवाला मीच असतो.

तव्यावरची
विषय सोडून: दशमी गव्हाची की ज्वारीची? आमच्याकडे प्रवासाला दोन्ही करतात पण ज्वारीची दुसऱ्या दिवशी चामडं होते.

माजघर
आमच्याकडे गव्हाची. कणीक निव्वळ दुधात भिजवायची, पाण्याचा हात लावायचा नाही, तेल जरा सढळ. गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, घाम सुटतो आणि मग वास येतो. उन्हाळ्यातसुद्धा दोन दिवस टिकतात.

वऱ्हाडी ठेचा
शेगावचं नाव अजून कोणी काढलं नाही? भक्तनिवासात इतकी स्वच्छता की चादर बघून माणूस लाजते. भाडं परवडणारं, महाप्रसाद फुकट. आमची पूर्ण गँग सुट्टीत तिथंच राहत होती, भक्ती कमी अन् कचोरी जास्त.

कल्याणची ताई
आज खिडकी मिळाली म्हणून कालचं पूर्ण करते. काशीला आईला विमानाने नेलं. गाडीने जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि तिचे गुडघे बघता वरचा बर्थ मिळाला असता तर संपलंच. तत्काळच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसाला न्यायचं नाही असं माझं मत. सकाळी दहाला एसीचं उघडतं, अकराला स्लीपरचं, आणि तेव्हा मी नेमकी लोकलमध्ये, मसजिद ते सीएसएमटी नेटवर्क नसलेली. तर पन्नाशीपार काका, एक मत तुम्हाला. विमानात आईने सँडविचची किंमत विचारली आणि त्या मुलीला म्हणाली, "राहू दे बाळा." मग पिशवीतून दशम्यांचा डबा काढला. पलीकडच्या सीटवरचे सुटातले गृहस्थ बराच वेळ बघत होते, शेवटी त्यांनी मागितलीच.

तव्यावरची
कणीक दुधातली का?

कल्याणची ताई
हो गं, आणि बरोबर शेंगदाण्याची चटणी. त्यांनी दोन खाल्ल्या.

नवखा प्रवासी
हे सगळं वाचून 'आवडेल तेथे'चा पास काढायचा आहे. कुठे मिळतो? ऑनलाइन शोधतोय, गोंधळ होतोय.

माजघर
सरळ जवळच्या आगारात जा. फोटो आणि ओळखपत्र न्या. साधी, शिवशाही असे गाडीच्या प्रकाराप्रमाणे दर वेगळे आहेत, त्यामुळे आधी मार्ग ठरवा मग पास. दिवाळीत मात्र नको, पास असला तरी उभ्यानेच जाल.