चंपी, टाळू, न्हाणं: डोक्याला तेल लावण्याचे तुमचे अनुभव सांगा

चरकसंहितेत म्हटलंय की डोक्याला नित्य तेल लावणाऱ्याचं डोकं दुखत नाही, केस गळत नाहीत आणि झोप सुखाची लागते. वाग्भटानेही अष्टांगहृदयात अभ्यंग सांगताना डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर दिलाय. ग्रंथांतलं हे आपण ऐकून असतो. मला ऐकायचंय ते तुमच्या घरातलं. तेल कोण लावायचं, कोणतं, कसं, त्याने नेमकं काय बरं वाटलं? त्रास झाला असेल तर तोही लिहा.

माहेर राजापूर
आमची आजी तेल घरीच काढायची. माक्याचा रस आणि जास्वंदीची फुलं खोबरेलात घालून मंद विस्तवावर ठेवायची. रसाचं पाणी आटलं की नाही हे बघायला कापसाची वात त्या तेलात भिजवून पेटवायची. वात तडतडली तर पाणी शिल्लक आहे, तेल पुन्हा चुलीवर. निमूट जळली की उतरवायचं. थंडीत बाटली गोठली की न्हाणीच्या चुलीपाशी नेऊन ठेवणं हे आम्हा नातवंडांचं काम.
ती आधी टाळूवर तेल थापायची, घासायची नाही. तेल मुरलं की बोटांची पेरं कानामागून मानेच्या खळगीपर्यंत हळूहळू न्यायची. केस एकमेकांवर घासले की तुटतात, कातडी हलली पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी पाटावर तिच्याकडे पाठ करून बसलेली असे. समोर चेहरा नसला की बोलता येतं. मला एवढ्यात लग्न करायचं नाही हे मी घरात पहिल्यांदा तिलाच सांगितलं, तेही तेल लावून घेताना. तिचे हात थांबले नाहीत. "बाबांशी मी बोलते," एवढंच म्हणाली, आणि बोललीसुद्धा.

नागपूरची नवी आई
बाळंतपणानंतर न्हाऊ घालायला बाई यायच्या. बाळाची टाळू "भरायची" म्हणून त्या तेल जोरात दाबायला लागल्या तेव्हा माझा जीव वर आला. बालरोगतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी सांगितलं, टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरते, तेलाने नाही. हलका हात फिरवा, दाबू नका, नाकाकानात तेल घालू नका. मी बाईंना तसं सांगितलं. रागावल्या नाहीत. "ठीक आहे बाई, नुसता तळहात ठेवते," म्हणाल्या. माझ्या डोक्याला मात्र त्यांनी हवा तेवढा जोर लावला. रात्र-रात्र जागरण चाललेलं असताना त्यांच्या हाताखाली मला बसल्या जागी डुलकी लागायची. त्या काळात माझ्याकडे लक्ष देणारं तेवढंच एक माणूस आहे असं वाटायचं.

टॅक्सीवाला, गिरगाव
रात्रपाळीनंतर चौपाटीवर मालिश करून घ्यायचो. बाटल्यांचा किणकिणाट आला की ओळखायचं, मालिशवाला आला. दोन्ही तळवे जुळवून, बोटं सैल सोडून तो डोक्यावर टकटक वाजवायचा. ते ऐकायला छान, पण खरा आराम मिळायचा तो कवटीच्या मागे, मान जिथे सुरू होते तिथे अंगठे दाबले की.

फिजिओथेरपिस्ट, पुणे
टॅक्सीवाले दादा, बरोबर जागा सांगितलीत. मान वाकवून तासन् तास बसलं की कवटीच्या तळाचे आणि कानशिलावरचे स्नायू आखडतात. ताणाची डोकेदुखी बऱ्याचदा याच स्नायूंशी जोडलेली असते, म्हणून तिथे सावकाश दाब दिला की हलकं वाटतं. पण डोकं अचानक, कधी नव्हे इतकं दुखायला लागलं, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं किंवा तापासोबत मान ताठली, तर तेलाची बाटली काढू नका. थेट रुग्णालय गाठा.
आणि सलूनमध्ये चंपीनंतर मान कटकन मोडून देतात, ते कृपा करून करू देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्या झटक्याने इजा होऊ शकते, क्वचित पक्षाघातही होतो.

सांगली
वरचं शंभर टक्के पटलं. माझ्या मेहुण्यांना मान मोडून घेतल्यावर चक्कर सुरू झाली, उभं राहता येईना. वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. आता आमच्याकडे सगळे खुर्चीत बसतानाच सांगतात: चंपी करा, मानेला हात नको.

कोंडा असणारी
मला तेल सोसत नाही. कोंड्यामागची बुरशी तेलातल्या स्निग्धांशावर पोसते असं त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं. नवरा कोरड्या हाताने डोकं चेपून देतो. सुख तेवढंच मिळतं.

आईचा मुलगा, ठाणे
आईला स्मृतिभ्रंश आहे. संध्याकाळ झाली की ती अस्वस्थ होते, "घरी जायचंय" म्हणत दाराशी जाते. समजावून उपयोग होत नाही, हे सगळं करून पाहिलंय. मग मी खोबरेल कोमट करून तिच्या मागे बसतो. स्मरण परत येत नाही, आजार तसाच आहे. पण खांदे खाली येतात, येरझारा थांबतात आणि जेवण नीट होतं. दोन गोष्टी सांभाळतो. आधी तिच्या समोर जाऊन बाटली दाखवतो, कारण मागून अचानक हात लागला तर ती दचकते. आणि तेलाचे थेंब फरशीवरून लगेच पुसतो, पाय घसरायला नको. कुणी घरी असा रुग्ण सांभाळत असेल तर संध्याकाळची वेळ कशी निभावता, ते इथे जरूर लिहा.