शब्दचर्चा : ‘उपेक्षा’ चांगली की वाईट?

सोसायटीत सकाळी एकत्र आसनं करणारे आम्ही आठ-दहा जण. फळ्यावर आठवड्याला एक योगसूत्र अर्थासकट लिहायचं ठरलं आणि पहिल्याच सूत्राला (१.३३) अडलो. सुखी माणसांशी मैत्री, दुःखी माणसांबद्दल करुणा, पुण्यवंतांबद्दल मुदिता आणि अपुण्यवंतांची उपेक्षा, यांच्या भावनेनं चित्तप्रसादन होतं, असं पतंजली म्हणतात. मी लिहिलं, ‘वाईट वागणाऱ्यांची उपेक्षा करावी’. संध्याकाळी खाली कुणीतरी खडूनं लिहून गेलं : ‘म्हणजे दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणाऱ्याला सोडून द्यायचं का?’

प्रश्न रास्त आहे. मराठीत उपेक्षा म्हटली की अन्यायच आठवतो : उपेक्षित वर्ग, कलावंताची उपेक्षा. ‘दुर्लक्ष’ लिहावं तर बेपर्वाई वाटते. ‘काणाडोळा’ म्हणजे तर जवळजवळ संगनमतच. दुसरा शब्द सुचतोय का?

प्रतिसाद

उप + ईक्ष्. ईक्ष् म्हणजे पाहणं. अपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा, समीक्षा ही सगळी याच धातूची भावंडं. उपेक्षेतही पाहणं आहेच, न पाहणं नाही. पालीत हाच शब्द ‘उपेक्खा’ होतो. बौद्धांच्या चार ब्रह्मविहारांत (मनात जोपासायच्या चार वृत्तींत) मेत्ता म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता यांच्यानंतर तो येतो आणि तिथे त्याचा अर्थ समचित्तता. मराठीत मात्र त्यातलं पाहणं गळून गेलं, टाकून देणं तेवढं राहिलं.

प्रतिसाद

‘उदासीन’चंही तसंच झालंय. उद् + आसीन, बाजूला बसलेला. गीतेत (१२.१६) ‘उदासीनो गतव्यथः’ हे भक्ताचं वर्णन आहे. आज कुणाला उदासीन म्हणून बघा! या गोतावळ्यात ‘तटस्थ’ तेवढा बऱ्यापैकी अब्रू राखून आहे. पाणी कितीही गढूळ असो, हा काठावर. पण ‘वाईट माणसाविषयी तटस्थ राहावं’ हे वाक्य परराष्ट्र खात्याच्या पत्रकासारखं वाटतं, म्हणून मी ते लिहिणार नाही.

प्रतिसाद

शब्दापेक्षा जोड्या बघा. सूत्रात उपेक्षा फक्त चौथ्या माणसासाठी आहे. शहरात आपण जोड्यांची अदलाबदल करतो. जिन्यात धापा टाकत बसलेल्या माणसाजवळून फोनमध्ये डोके घालून निघून जातो आणि त्याला मनातल्या मनात ‘अलिप्तता’ म्हणतो. म्हणजे करुणेच्या जागी उपेक्षा. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली की मैत्रीच्या जागी पोटदुखी. कुणी आपणहून गच्चीची टाकी साफ केली, तर ‘याला निवडणूक लढवायची असेल’. आणि ज्याची खरी उपेक्षा करायची, त्या गाडीवाल्यावर मात्र रोज अर्धा तास खल!

आणखी एक. योगसूत्र ३.२३ वरच्या व्यासभाष्यात, म्हणजे व्यासांच्या विवरणात, म्हटलंय की पापशीलांविषयी उपेक्षा असते, भावना (म्हणजे मनात जोपासणं) नव्हे. पहिल्या तिन्ही मनात मुद्दाम जोपासायच्या, चौथीत जोपासण्यासारखं काही नाही, मनाला त्या माणसाकडे जाऊच द्यायचं नाही. बौद्ध मांडणी इथे वेगळी पडते, तिथे उपेक्खाही तितकीच जोपासायची.

मूळ लेखक

मग गाडीचं काय करायचं?

प्रतिसाद

तक्रार करायची की! सूत्र चित्ताबद्दल आहे, गाडी कुठे लावावी याबद्दल नाही. अर्ज लिहा, सभेत बोला. फक्त तो माणूस रात्री अंथरुणात सोबत नको. याला आपल्याकडे सरळ शब्द आहे, ‘मनाला लावून न घेणे’. नाम हवं असेल तर पंचाईत आहे, हे कबूल.

‘चित्तप्रसादन’ही ‘मन प्रसन्न होतं’ म्हणून उरकू नका. प्रसाद म्हणजे मुळात स्वच्छ होणं. गढूळ पाणी हलवलं नाही की गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं, तसं चित्त निवळतं. आपलं ‘निवळणे’ इथे चपखल बसतं.

मूळ लेखक

‘निवळणे’ घेतलं. फळ्यावर आता असं आहे : ‘वाईट वागणाऱ्याचं वागणं दिसू द्यावं, मनाला लावून घेऊ नये, चित्त निवळतं.’ कंसात ‘उपेक्षा’ ठेवलाय, शब्द अगदीच हाकलून द्यायला जीव होईना.

खडूवाल्याचा पुढचा प्रश्न आलाय : ‘मुदिता म्हणजे काय?’ मुलीचं नाव म्हणून ऐकलाय. दुसऱ्याचं चांगलं बघून होणाऱ्या आनंदाला बोली मराठीत एकच शब्द कुणाला माहीत आहे का? जळफळाटाला डझनभर सापडले.