घुबड दिसावं म्हणून स्पीकरवर आवाज लावायचा का?

येऊरकर: जानेवारीत ठाण्यातले आम्ही सात जण अंदमानला गेलेलो. संध्याकाळी चिडिया टापूला गाईडने मोबाईलच्या स्पीकरवर अंदमान स्कॉप्स घुबडाचा आवाज लावला, पाच मिनिटांत पक्षी डोक्यावरच्या फांदीवर, मग टॉर्च, फोटो, परत आवाज, परत फोटो. अहो तो आपल्याला भेटायला नाही आलेला, हद्दीत दुसरा नर घुसलाय समजून भांडायला आलेला! आणि हा पक्षी अंदमान सोडून जगात कुठे नाही. बेटांवर तरी हे बंदच व्हायला हवं.

खाडीकर ऐरोली: दादा, नाही पटलं. दाट जंगलात अंधारात मुठीएवढं घुबड आवाजाशिवाय दिसणार कसं? एवढा खर्च करून माणूस आयुष्यात एकदा जातो. तिथल्या गाईडचं घर यावर चालतं, आणि पक्ष्यांमुळे पोट भरत असेल तरच उद्या झाडं तोडायला कोणी आलं की गावातला माणूस आडवा पडेल. दोन मिनिटांनी काय होतं?

घोडबंदरची आई: दोन मिनिटं तुमची, उद्या त्याच झाडाखाली दुसऱ्या ग्रुपची. २०१६ नंतर थेट २०२४ ला ठाण्याच्या येऊरच्या जंगलात कारवीची झुडपं फुलली तेव्हा पण प्रत्येकजण म्हणत होता एकच फांदी घेतो, वाटेकडची झुडपं पार ओरबाडली. कारवी एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते, म्हणजे फुलाबरोबर पुढची कारवी पण गेली.

खाडीकर ऐरोली: ताई, कारवीचं मान्य, पण फूल तोडणं आणि आवाज लावणं एक नाही. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोट जाते, तिच्या इंजिनाचा त्रास होत नसेल? ती पण बंद करायची? विणीच्या काळात नको, एका पक्ष्याला एकदाच, असा नियम करा, सरसकट बंदी नको.

येऊरकर: फ्लेमिंगो उडून पुढच्या चिखलात बसतो हो, बेटावरचा कुठे जाणार? नारकोंडम धनेश हा पक्षी तर जेमतेम ७ चौरस किमीच्या बेटावर, बाकी जगात नाहीच. दुसऱ्या दिवशी आम्ही गाईडला पैसे पूर्ण दिले आणि स्पीकर नको म्हटलं. जाताना वाळूवर मर्यादवेल फुललेली, आपल्या कोकणात असते तीच जांभळी, मुलीने लगेच ओळखली. मग दीड तास अंधारात उभे. दिसलं काहीच नाही, दोनदा आवाज आला, गाईडने मुलीच्या कानाशी सांगितलं कुठलं घुबड ते. हे त्याचं खरं ज्ञान, त्याचे पैसे मिळायला हवेत त्याला.

खाडीकर ऐरोली: आणि बाकीचे सहा जण काय म्हणाले?

येऊरकर: चौघं नाराज होती. खोटं नाही सांगणार.

खाडीकर ऐरोली: मग त्या चौघांसाठी गाईड उद्या काय करेल ते सांगा, माझा मुद्दा तोच आहे.