मदत हवी आहे : मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखणं थांबवायला पंप, एपिड्युरल की इंजेक्शन?

नमस्कार मंडळी. आम्ही पारोळ्याचे. वडिलांचं (वय ६४) पुढच्या आठवड्यात जळगावला कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन आहे, स्क्रू टाकणार आहेत. नंतरच्या दुखण्यासाठी भूलतज्ज्ञांनी तीन मार्ग सांगितले, घरी बोलून या म्हणाले.

नर्सने वेळेवर इंजेक्शन देणं, हा नेहमीचा. दुसरा पंप. दुखलं की पेशंटने स्वतः बटण दाबायचं, मॉर्फिन किंवा फेंटानिलचा छोटा डोस शिरेतून जातो. मग काही मिनिटं पंप लॉक, कितीही दाबा. नातेवाइकांनी बटणाला हात लावायचा नाही, हे त्यांनी आईकडे बघून दोनदा बजावलं! तिसरा एपिड्युरल, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून तिच्यातून मणक्याच्या नसांजवळ दुखणं थांबवणारं औषध सोडायचं. पण त्यात पाय बधिर झाले तर ते औषधामुळे की नसेवर दाब आल्यामुळे, हे पटकन कळत नाही म्हणे. म्हणून माझा कल पंपाकडे.

अडचण वडिलांचीच. विंचू चावला तरी ‘माले काय बी व्हत नही’ म्हणणारा माणूस बटण दाबेल का? शिवाय ते जोरात घोरतात, आणि मॉर्फिनने श्वास मंदावू शकतो. हे डॉक्टरांना सांगायचं राहिलंय, उद्या फोन करतो.

कुणाच्या घरी पंप वापरलाय का? मळमळ, बद्धकोष्ठता, खाज किती झाली? गोळ्यांवर कितव्या दिवशी आणलं? रात्री ऑक्सिजन तपासायला बोटाला मशीन कायम लावून ठेवत होते का? निर्णय डॉक्टरच घेतील, पण काय विचारायचं तेवढं तरी कळू द्या.