तीन फुटी प्लांटेड टँकसाठी ड्वार्फ सिक्लिड: जर्मन ब्लू रॅमचा नाद सोडा, बोरेली घ्या

खोलपाणी

चर्चेसाठी नेहमी दिसणारा प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेला टँक घेऊ. ३६ × १८ × १८ इंच, माती-ओंडका वजा जाता अंदाजे १६० लिटर पाणी. मागे वॅलिसनेरिया आणि ॲमेझॉन स्वोर्ड, मधे क्रिप्टोकोरीन, ओंडक्यावर अनुबियास. आत १२ कार्डिनल टेट्रा, ८ रमीनोज आणि तळाशी चरणाऱ्या ६ ब्राँझ कोरी. पाणी पुणे महापालिकेचं, म्हणजे धरणाचं, मऊ. तापमान २५-२६ अंश. आता यात 'तळाशी एखादा रंगीत ड्वार्फ सिक्लिड (सिक्लिड कुळातला लहान मासा) हवा' असं वाटलं की दुकानदार आणि मित्र दोघेही एकच नाव सांगतात: जर्मन ब्लू रॅम.

माझ्या मते या टँकसाठी ती चुकीची निवड आहे. रॅम मूळचा व्हेनेझुएला-कोलंबियाच्या लानोस गवताळ प्रदेशातला. तिथलं पाणी उथळ, उन्हानं तापलेलं. त्याला बारा महिने २८ अंश लागतात. २५ वर तो लगेच मरत नाही, आणि खरा घोळ इथेच होतो. महिनाभर खातो, मग रंग गडद होतो, कोपऱ्यात उभा राहतो, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी होते. पोट आत गेलं की औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

याउलट ॲपिस्टोग्रामा बोरेली पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला, जिथे हिवाळा खराखुरा असतो. २२ ते २६ मध्ये तो खूश. नर ६-७ सेंटीमीटर, मादी त्याहून लहान, आणि ॲपिस्टोंमध्ये स्वभावानं सर्वांत नरम म्हणावा असा. एक नर, दोन माद्या. टँकमध्ये बाकी काहीही बदलावं लागत नाही. रंग निळा-पिवळा, रॅमइतका भडक नाही. पण हिरव्या पार्श्वभूमीवर उभारलेला वरचा पर पाहिल्यावर कोणाला काही कमी वाटेल असं मला वाटत नाही.

शेवाळकाका

सहमत नाही. रॅमला बदनाम करणाऱ्या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तापमान त्यातली एकच. दुसरी म्हणजे कच्चा टँक: फिल्टर सुरू करून महिना झाला नाही तोवर रॅम सोडला तर तो जाणारच. अमोनिया आणि नायट्राईट शून्य, नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत, हे किमान तीन महिने टिकलेलं हवं. तिसरी म्हणजे माल. मोठ्या व्यापारी फार्मवरची पिल्लं दाटीवाटीत वाढवलेली असतात आणि कधीकधी लवकर रंग यावा म्हणून त्यांना हार्मोन दिलेले असतात. दुकानात अडीच सेंटीमीटरचं पिल्लू पूर्ण वाढलेल्या नरासारखं चमकत असेल तर ते घेऊ नका. फुगा रॅम आणि इलेक्ट्रिक ब्लू हे प्रकार तर आणखी नाजूक.

तापमानाचं म्हणाल तर हीटर २८ वर न्यायला किती वेळ लागतो? १६० लिटरला २०० वॅटचा हीटर पुरतो. रोज एक अंश वाढवा. कार्डिनल आणि रमीनोज दोघांनाही २८ चालतं, तुमच्या यादीतल्या वॅलिसनेरिया, स्वोर्ड, अनुबियास, क्रिप्टोलाही. अडचण फक्त ब्राँझ कोरीची. त्या दुसऱ्याला द्या आणि स्टर्बाय कोरी आणा, त्यांना ऊब सोसते. बोरेली ही तडजोड आहे. टँक माशाला जुळवायचा की मासा टँकला, असा हा प्रश्न आहे आणि मी पहिल्याच्या बाजूनं आहे.

खोलपाणी

शेवाळकाका, माल आणि कच्चा टँक हे दोन्ही मुद्दे मान्य. पण २८ ची किंमत तुम्ही कमी धरताय. २० अंशांच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास राहू शकतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात प्लांटेड टँक म्हणजे झाडांसाठी सोडलेला सीओटू (कार्बन डायऑक्साइड), आणि रात्री झाडंही ऑक्सिजनच ओढणार. पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात ते यामुळे. शिवाय उबेत झाडांची भूक वाढते. प्रकाश तेवढाच ठेवून सीओटू आणि खत कमी पडलं की शेवाळ धरतं. समोर बारीक रोपांचा गालिचा असेल, हेअरग्रास किंवा क्यूबा, तर २८ वर तो टिकवणं जिकिरीचं होतं.

शेवाळकाका

त्यावर उपाय आहेत. दिवे बंद व्हायच्या तासभर आधी सीओटू बंद, रात्री एअर पंप चालू, फिल्टरच्या आउटलेटचं तोंड पृष्ठभागाकडे. गालिच्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. रॅम हवा असेल तर समोर वाळू मोकळी सोडावी.

वऱ्हाडी_मत्स्य

इथे सगळे पुण्याचं हवामान धरून बोलताहेत. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात हीटर काढून ठेवला तरी टँक ३२ वर जातो. काचेवरून फुंकणारे छोटे पंखे लावले तर बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. पण दमट दिवसांत तेवढंही नाही, आणि रोज एक-दोन लिटर पाणी उडतं. ते भरताना आरओचंच घाला, नळाचं घालत राहिलात तर क्षार साचत जातात. अशा घरात बोरेली म्हणजे दर उन्हाळ्यात त्याची परीक्षा. रॅम मात्र त्याच पाण्यात मजेत असतो. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे: हिवाळ्यात हीटर २८ वर ठेवला की वर्षभर रॅमची सोय झाली. खोलपाणी यांचं शीर्षक विदर्भाला लागू नाही.

आणि पाण्याचंही बोला. बऱ्याच वसाहतींत बोअर आहे. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ६०० असेल तर दोन्ही मासे तिथे सुखी नाहीत.

खोलपाणी

विदर्भाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. ज्यांच्या टँकचं तापमान उन्हाळ्यात कित्येक आठवडे ३० च्या वर राहतं त्यांनी बोरेली घेऊ नये, हे माझ्या शीर्षकाला जोडून वाचावं. पुण्या-नाशकाबद्दल मात्र मत कायम आहे.

बोअरसाठी हिशेब सोपा: ६०० टीडीएसचं एक बादली पाणी आणि २० टीडीएसचं तीन बादल्या आरओ पाणी मिसळलं की साधारण १६५ येतो. उडालेलं पाणी भरणं वेगळं, पण पाणी बदलताना नुसतं आरओ कधीच घालू नका. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) शून्यावर गेला की पीएच धरून ठेवणारं काही उरत नाही, आणि सीओटू असलेल्या टँकमध्ये तो झपकन खाली येतो.

मातीवाळू

तापमानावरून वाद चालू द्या, पण तळाबद्दल अजून कोणीच बोललं नाही. हे सगळे ड्वार्फ सिक्लिड वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळतात. दाणेदार ॲक्वा सॉइलवर (झाडांसाठीच्या मातीच्या गोळ्यांवर) त्यांना ते जमत नाही. वर सॉइल उकरली गेली की पाणी गढूळ आणि रोपं उपटलेली. समोरच्या एक तृतीयांश भागात ३ सेंटीमीटर बारीक वाळू द्या, या टँकला ६-७ किलो पुरते. मधे दगडांची रांग, मागे सॉइल. वाळू आणल्यावर तिच्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून पाहा. फसफसली तर त्यात चुना किंवा शिंपले आहेत; ती पाणी कठीण करत राहील.

आणि बोरेलीपेक्षा माझी शिफारस ॲपिस्टोग्रामा काकाटुओइडिस. पेरूकडचा मासा, थोडं कठीण पाणीही सोसतो, २४ ते २८ चालतं. म्हणजे तुमच्या दोघांच्या मधला. डबल रेड, ट्रिपल रेड नर आपल्याकडे बोरेलीपेक्षा सहज मिळतात. जो मासा मिळतच नाही त्याची शिफारस करून काय उपयोग?

शेवाळकाका

काकाटुओइडिस चांगला, पण कोरींबरोबर? अंडी घातली की पिवळीजर्द झालेली मादी आपल्या गुहेभोवती फूटभर अंतरात कोणालाही येऊ देत नाही. टेट्रा वर निघून जातात. कोरीला मात्र ते कळत नाही, ती तळ हुंगत पुन्हा तिथेच येते आणि डोळ्यांवर चोची खाते. रात्री तीच कोरी अंडीही फस्त करते. हाल दोघांचेही होतात.

मातीवाळू

म्हणून गुहा कोरींच्या मोकळ्या वाळूपासून लांब, टँकच्या दोन टोकांना ठेवायच्या. एका मादीला किमान दोन गुहा. नारळाची अर्धी करवंटी उकळून, काठाला अडीच सेंटीमीटरचं भोक पाडून उपडी ठेवली की झालं. नर आत मावणार नाही इतकंच भोक हवं. मधे ओंडका आणि दाट क्रिप्टो, एका मादीला दुसरी दिसता कामा नये. दोन फुटी टँकमध्ये मात्र हे जमणार नाही. तिथे एकच जोडी, आणि तीही कोरींशिवाय.

तळाला देशी बदामाची झडलेली वाळकी पानं टाका, ५० लिटरला एक मोठं पान. मुंबई-पुण्यात रस्तोरस्ती हे झाड आहे, फक्त धूर आणि फवारणीपासून दूरचं झाड निवडा. पानं धुऊन, रात्रभर भिजवून मग टाका. पाणी चहाच्या रंगाचं होतं, पिल्लं पानांखाली चरतात. ज्यांना काचेसारखं स्वच्छ पाणी हवं त्यांना ते आवडत नाही, पण मासे खूश असतात.

कालुंदर

सगळे दक्षिण अमेरिकेतच का अडकलात? भारतात मूळची तीन सिक्लिड आहेत. त्यातला कालुंदर हा मासा मोठा होतो, कॅनरा पर्लस्पॉटही या टँकला मोठाच. पण ऑरेंज क्रोमाइड आठ सेंटीमीटरचा, पिवळाधमक आणि आपल्या हवामानातला. त्याला हीटरही फारसा लागत नाही.

खोलपाणी

मासा सुंदर आहे आणि लोकांनी पाळावा असं मलाही मनापासून वाटतं, पण या टँकमध्ये नाही. तो खाडीच्या निमखाऱ्या पाण्यातही राहणारा. थोड्या कठीण, अल्कलाइन पाण्यात तो ठणठणीत असतो. कार्डिनलसाठीच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यात त्याला बुरशी लवकर धरते. त्याला स्वतंत्र टँक द्या: पाच-सहांचा गट, वॅलिसनेरिया, कठीण पाणी. बोअरवाल्यांसाठी तर आरओ मिसळण्यापेक्षा हा उत्तम मार्ग आहे.

वऱ्हाडी_मत्स्य

मुद्दा आवडला. आता कोणताही मासा घ्या, पण नवीन आणल्यावर त्याला काही दिवस वेगळं ठेवण्याबद्दल लिहा. थेट टँकमध्ये सोडले तर जुने टेट्राही जातात.

शेवाळकाका

चार आठवडे वेगळे, किमान ४० लिटर, चालू फिल्टरमधला जुना स्पंज लावून. दुकानातच मासा खाताना पाहा. पोट भरलेलं, श्वास संथ, विष्ठा गडद असावी. दोरेदार पांढरी विष्ठा दिसली आणि मासा अन्न तोंडात घेऊन थुंकत असेल तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या: मेट्रोनिडाझोल, ४० लिटरला २५० मिलिग्रॅम, दिवसाआड तीन वेळा, दरवेळी आधी चौथा हिस्सा पाणी बदलून. खात असेल तोवर खाण्यातून दिलेलं औषध जास्त लागू पडतं. गुदद्वारातून लाल धागे बाहेर दिसले तर तो कॅमॅलानस जंत. त्यावर मेट्रोनिडाझोल चालत नाही, लेव्हामिसोल लागतं: लिटरला २ मिलिग्रॅम, दिवे बंद ठेवून २४ तास. या औषधानं जंत लुळे होऊन पडतात, म्हणून दुसऱ्या दिवशी तळ सायफन करून निम्मं पाणी बदलायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा हेच, कारण पहिल्या वेळी सुटलेल्या अळ्या तोवर वाढलेल्या असतात.

मातीवाळू

एक राहिलं, खाणं. टेट्रा वरच्यावर सगळं संपवतात आणि सिक्लिड उपाशी राहतो. मग लोक म्हणतात मासा नाजूक होता. एका टोकाला टेट्रांना फ्लेक द्या, ते गुंतले की दुसऱ्या टोकाला नळीतून एक मिलिमीटरचे बुडणारे दाणे थेट वाळूवर सोडा. आठवड्यातून दोनदा गोठवलेलं आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव). बाजारातले जिवंत ट्युबिफेक्स किडे नकोत, गटारातून आलेले असतात.

खोलपाणी, बोरेलीच्या माद्या कुठे मिळतात ते सांगा. दुकानात नरच दिसतात, आणि नुसता नर आणून ठेवायला माझा विरोध आहे.

खोलपाणी

दुकानात नाहीच, घरी पैदास करणाऱ्यांकडून पाच-सहा पिल्लांचा गट घ्या आणि वाढू द्या. ॲपिस्टोंच्या बऱ्याच जातींत सुरुवातीच्या आठवड्यांतल्या पाण्याच्या तापमानावर नर-मादीचं प्रमाण बदलतं, ऊब जास्त तर नर जास्त. म्हणून पिल्लं किती अंशांवर वाढवली हे घेण्याआधी विचारा. २९-३० सांगितलं तर त्या गटात माद्या कमीच निघतील. गट मोठा झाल्यावर एक नर, दोन माद्या ठेवून बाकीचे परत द्यायचे, हे आधीच ठरवून घ्या.